वैशाखातला पावसाळा

हिंदुस्थानातल्या शेतीची पाहणी करण्यासाठी १९२६ साली शाही आयोग नेमला गेला. लॉर्ड लिनलिथगो त्याचे अध्यक्ष होते. १९२८ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालातले एक विधान पुढे वर्षानुवर्षे फिरत राहिले: बहुतेक शेतकऱ्यांना वर्षातले दोन ते चार महिने अजिबात काम नसते. हे मत फक्त सरकारचे होते असेही नाही. चरख्याचा आग्रह धरताना गांधीजींनीही शेतकऱ्याच्या याच रिकाम्या महिन्यांकडे बोट दाखवले होते. ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर हे विधान डोळ्यांना पटण्यासारखे आहे. कल्याणहून पळसदरीपर्यंतची रेल्वे १८५६ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून मे महिन्यात उल्हास नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या प्रवाशाला अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ या पट्ट्यात साधारण एकच दृश्य दिसत आले. भाताची कोरडी खाचरे, भेगाळलेली जमीन, मोकाट सोडलेली गुरे, मध्येच एखादा काळा जळका चौकोन. शेतात औत नाही की माणूस नाही. वर्षाला भाताचे एकच पीक, तेही पावसावरचे. झोडणी आटोपली की पुढच्या मृगापर्यंत ही माणसे करतात तरी काय, असा प्रश्न पडणे साहजिक होते. माझे म्हणणे असे की तो काळा चौकोनच या प्रश्नाचे उत्तर आहे. या खोऱ्यातल्या लहान शेतकऱ्याची पावसाळ्याची बरीचशी कामे पावसाळ्यात होतच नसत. ती चैत्र-वैशाखाच्या उन्हात उरकली जात, आणि ज्याची ती राहून जात त्याचा पावसाळा हातचा जाई. अंबरनाथच्या पूर्वेचे पालेगाव आणि त्याच्या शेजारची गावे यांच्या शेतीचा इतिहास लिहायचा तर त्याची सुरुवात मृगापासून करून चालणार नाही. ती पाडव्यापासून करावी लागेल.

पाऊस पडत असताना शेतकऱ्याने काय करावे, हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो नावाच्या रोमन गृहस्थाने शेतीवर पुस्तक लिहिले. पावसामुळे कामे राहिली असे कारभारी सांगू लागला, तर मालकाने त्याला पावसातही करता येण्याजोगी कामे मोजून दाखवावीत, असा सल्ला त्यात आहे. रांजण धुणे, घर झाडणे, धान्य हलवणे, शेण बाहेर काढणे, बियाणे निवडणे, जुने दोर सांधणे आणि नवे वळणे, गड्यांनी आपली फाटकी पांघरुणे शिवणे, अशी ती यादी आहे. युरोपातल्या शेतीत हा विचार पुढे कायम राहिला: पाऊस आला की शेत सुटते आणि माणूस छपराखाली येतो, म्हणून छपराखालची कामे पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवायची. केटोच्या यादीतले जवळजवळ प्रत्येक काम ठाण्याच्या भातशेतीतही आहे. दोर आहेत, बियाणे आहे, शेण आहे, पांघरूणही आहे. वेळ मात्र नेमकी उलटी आहे. इथे पाऊस आला की माणूस घराबाहेर पडतो. चिखलणी पावसात, रोपे उपटणे पावसात, लावणी तर पाऊस लागून राहिला तरच. आषाढातल्या ज्या दिवशी पाऊस सर्वांत जास्त, त्याच दिवशी शेतात माणसे सर्वांत जास्त. घरात वळायचा दोर, शिवायचे कांबळे, निवडायचे बियाणे यांच्यासाठी त्या दिवसांत ना हात मोकळे असतात ना कोरडी जागा. म्हणून ही सगळी कामे मागे सरकून उन्हाळ्यात जाऊन बसली. वसंत हा शब्द गावात कोणी वापरत नसे. हे दिवस आगोटीचे. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड, आणि त्या तोंडाशी उभे राहून करायची ती आगोटीची कामे.

ही उलटापालट हौसेने झालेली नाही. या भागात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. माथेरानच्या डोंगराचे पाणी उतरून उल्हासला मिळते, मलंगगडाकडच्या ओढ्यांचे वालधुनीसारख्या लहान नद्यांत येते. खाचरात पाणी कमी पडण्याची भीती फारशी नसे. भीती असे ती वेळ चुकण्याची. जुन्या रीतीत रोप तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की उपटून लावायचे. ते वाफ्यात जास्त दिवस राहिले तर लावल्यावर त्याला फुटवे कमी येतात, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. एक एकर भात लावायला साधारण चार गुंठ्यांचे रोप लागते. म्हणजे एकरभर शेताचे नशीब त्याच्या दहाव्या हिश्श्यात, पावसाच्या पहिल्या तीन आठवड्यांत ठरते. रोहिणीत धूळवाफेवर बी टाकायचे असो किंवा मृगाच्या सरीनंतर, त्या चार गुंठ्यांत पहिल्या पावसाबरोबर तण उगवले तर रोप दबते. माती चोपण झाली तर रोप उपटताना मुळे तुटतात. हे होऊ द्यायचे नसेल तर पाऊस येण्याआधीच ती जमीन तयार हवी. पाऊस पडू लागल्यावर तयारी करू म्हणणाऱ्याला पाऊस थांबून वाट देत नाही.

या तयारीचे नाव राब. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन आहे, आणि ते काम जवळून पाहिल्याशिवाय माझा पुढचा मुद्दा स्पष्ट होणार नाही. रोपासाठी निवडलेल्या तुकड्यावर आधी वाळलेल्या शेणाचा थर घालायचा. शेण बारा महिन्यांचे साठवलेले, थर सारखा, कुठे उघडी जमीन दिसता कामा नये. त्यावर टहाळ, म्हणजे झाडाच्या तोडलेल्या कोवळ्या फांद्या. ऐनाचा टहाळ सर्वांत पसंतीचा. तो आधीच तोडून, भारे बांधून, डोंगरावरून डोक्यावर वाहून आणून वाळवलेला असे. टहाळावर पातेरा, म्हणजे झाडांखाली झाडून गोळा केलेला पाला, आणि गवत किंवा जुना पेंढा. सगळ्यांच्या वर बारीक केलेल्या मातीचा पातळ थर. हा शेवटचा थर सगळ्यात महत्त्वाचा. माती नसेल तर गवत भसकन पेटून जाते, राख वाऱ्यावर उडते आणि जमिनीला धग लागतच नाही. मातीखाली मात्र आग दबून राहते आणि धुमसत पुढे सरकते. पेटवायचेही वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे जाळ वाऱ्याबरोबर पळत नाही, वाऱ्याच्या तोंडावर रेटत हळूहळू जातो. नीट भाजलेल्या राबात दुसऱ्या दिवशी पायाखालची माती भुसभुशीत लागते. तणाचे बी भाजून मेलेले असते. जुलैत त्याच वाफ्यातले रोप मुठीत धरून ओढले की मुळांसकट अलगद निघते. लावणीच्या गर्दीत हे अलगद निघणेच मोलाचे. शेकडो मुठी उपटायच्या असतात, आणि प्रत्येक मुठीमागे वाचलेला जोर वैशाखात खर्चून ठेवलेला असतो.

चार गुंठ्यांसाठी एवढी यातायात, आणि ती पुरी करण्यासाठी लागणारे रान वेगळेच. भाताच्या खाचराला जोडून वरकस जमीन असे, माळाची किंवा उताराची. गवत, पाला, टहाळ तिथून यायचा. वरकसाशिवाय खाचर म्हणजे चाऱ्याशिवाय बैल. जिथे वरकस पुरत नसे तिथे लोक सरकारी रानात जात, आणि तिथेच गाठ पडली जंगल खात्याशी. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानांची हद्द आखली जाऊ लागली, टहाळ कुठे तोडावा आणि कुठे नाही याचे नियम झाले, गुन्हे दाखल होऊ लागले. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर कडक टीका आहे. ठाणे जिल्ह्यातल्या तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाचा टहाळ हा त्या आयोगापुढचा एक मोठा विषय होता. इथे थोडे थांबून दोन तारखा शेजारी ठेवाव्यात असे मला वाटते. १८८७ मध्ये एक आयोग ठाण्याच्या शेतकऱ्याने उन्हाळ्यात रानात जाऊन काय तोडावे यावर अहवाल देतो, आणि १९२८ मध्ये दुसरा आयोग म्हणतो की उन्हाळ्यात शेतकऱ्याला काम नाही. कामच नसते तर भांडण कशावर झाले? जे काम थांबवले म्हणून गावेच्या गावे अर्ज घेऊन उभी राहिली, ते काम पुढच्या हिशेबात शून्य कसे धरले गेले? पहिल्या आयोगाच्या लेखी ते जंगलाचे प्रकरण होते आणि दुसऱ्याच्या लेखी शेती म्हणजे नांगर धरणे होते, हेच त्याचे कारण मला दिसते. डोंगरावरून येणारा टहाळ या दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडला.

राब म्हणजे अडाण्यांची जाळपोळ, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले त्यांचे मत तसे राहिले नाही. मुंबई इलाख्याचे शेती संचालक ओझॅन यांनी राबाचे प्रयोग करवून घेतले. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर १८८९ मध्ये इकडे आले. १८९३ च्या त्यांच्या अहवालात राबाची दखल घेतलेली आहे, आणि एकूणच इथल्या शेतकऱ्याला शिकवण्याआधी त्याचे समजून घ्या असा त्यांचा सूर आहे. पुढे पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबर राबाचा रासायनिक अभ्यास केला. तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. राबाचा गुण फक्त राखेत आहे असे मानून चालत नाही, जमिनीला बसणाऱ्या धगीचाही त्यात मोठा वाटा आहे, हे त्यातून पुढे आले. माती तापवली की तिच्यात काय बदल होतात याचे प्रयोग त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडलाही चालू होते. राख तर नुसती टाकूनही मिळाली असती; मग वरून मातीचा थर देऊन, वाऱ्याच्या उलट पेटवून, धग जमिनीत मुरवण्याचा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर प्रयोगशाळेने दिले. ते उत्तर गावाला हाताने ठाऊक होते.

राब हे आगोटीचे सर्वांत दिसणारे काम. त्याच्या आडोशाला बाकीची उभी होती. घर शाकारायचे. कौलारू असेल तर नळे परतायचे, म्हणजे एकेक नळा काढून, झटकून, फुटका बाजूला करून पुन्हा बसवायचा. पेंढ्याचे छप्पर असेल तर नवा थर चढवायचा. कारवीच्या कुडाच्या भिंती शेणमातीने लिंपायच्या आणि पश्चिमेच्या झडीकडच्या बाजूला आडोसा बांधायचा, कारण या भागात पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त मारतो. बांध धरायचे. नांगराचा फाळ शेवटवून आणायचा, जू आणि शिवळा सुताराकडून नीट करून घ्यायच्या. अंबाडीचा वाख पिळून दावी, कासरे, चऱ्हाटे वळायची. ओल्या हवेत वळलेला दोर सैल पडतो. लाकूडफाटा आणि शेणी कोरड्यात रचायच्या, पेंढ्याची गंजी झाकायची. आणि इरली बांधायची.

इरल्यापाशी रेंगाळायला हवे. बांबूच्या कामट्यांचा उभा-आडवा सांगाडा, त्यावर पळसाची पाने एकावर एक सरकवून बसवलेली आणि वरून पुन्हा कामट्यांची जाळी. आकार उलट्या होडीच्या टोकासारखा. ते डोक्यावर टेकते आणि पाठीवरून कमरेपर्यंत उतरते. उभ्या माणसाला ते अवजड आणि बेढब वाटेल, कारण ते उभ्या माणसासाठी केलेलेच नाही. कंबरेत वाकून दिवसभर लावणी करणाऱ्या बाईची पाठ आभाळाकडे असते. इरले त्या पाठीचे छप्पर आहे. छत्रीला एक हात द्यावा लागतो. लावणीत डाव्या हातात रोपाची मूठ असते आणि उजवा चिखलात. तिसरा हात कुठून आणायचा? इरले दोन्ही हात मोकळे ठेवते. ही वस्तू बांधायला कामट्या तासाव्या लागतात आणि पाने योग्य वेळी तोडून आणावी लागतात. पळसाला नवी पालवी येते ती उन्हाळ्यात. आषाढात इरल्याची गरज पडते तेव्हा ते करायला उशीर झालेला असतो. पावसातल्या कामाचे हत्यार कोरड्या दिवसांत घडते, याहून सरळ पुरावा माझ्या म्हणण्याला मिळणार नाही.

घराच्या आतली बाजू तर मोजणीत कधी आलीच नाही. बेगमी हा शब्द आपण आता सहज वापरतो, पण त्यात किती दिवस गेलेले असतात! मिरच्या वाळवून, भाजून, कुटून वर्षाचा मसाला. वाल आणि इतर कडधान्ये उन्हे देऊन, राख लावून भरणे. पापड, फेण्या, कुरडया. सुकट, जवळा, सुके बोंबील आणून पुन्हा उन्हात घालून बंद करणे. मीठ, लोणचे, चिंच. लावणीच्या महिन्यात रोज संध्याकाळी भिजून आलेल्या घराला जेवण मिळावे, तेही चूल ओली आणि बाजार लांब असताना, यासाठी ही सगळी खटपट. लावणीला बाई शेतात असते. ती एकाच वेळी शेतात आणि चुलीपुढे उभी राहू शकत नाही. म्हणून चुलीपुढचे तिचे जुलैचे काम ती एप्रिल-मेमध्येच करून ठेवते. शाही आयोगाला रिकामा दिसलेला शेतकरी पुरुष होता, हे ध्यानात घेतले की रिकामे महिने आणखी आक्रसतात. शेण वाळवणारी, पातेरा झाडणारी, भारा वाहणारी आणि मसाला कुटणारी बाई त्या शब्दात बसवलेलीच नव्हती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. कामे होती हे कबूल, पण ती उन्हाळाभर पुरत नसणार. नाहीतर याच भागातली माणसे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर, गवत कापायला आणि पुढे कारखान्यांत गेली कशी? आक्षेपात तथ्य आहे. पण गेले कोण, हे पाहावे लागते. भट्ट्यांवर कुटुंबासह जाणाऱ्यांत कातकरी आणि इतर भूमिहीन मोठ्या संख्येने होते. त्यांच्याकडे भाजायला राबच नव्हता. ज्यांच्याकडे चार-दोन एकर होते त्यांच्या घरातून एखादा जात असे आणि बाकीचे आगोट सांभाळत. एकाच्या मजुरीवरून घर रिकामे ठरवता येत नाही. दुसरे, कुळाचा आणि कर्जदाराचा वेळ त्याचा स्वतःचा नव्हताच. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या वारल्यांनी १९४५ मध्ये उठाव केला त्यामागे वेठ हे मोठे कारण होते; त्याच वर्षी जानेवारीत किसान सभेची परिषद इथून फार दूर नसलेल्या टिटवाळ्याला भरली होती. जमीनदार कुळाकडून फुकट काम करवून घेत होता याचा अर्थच असा की त्या कुळाच्या वेळेला किंमत होती, फक्त ती कुळाला मिळत नव्हती. फुकटचे काम हिशेबाच्या वहीत चढत नाही. वहीत नाही म्हणून ते झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे.

कायद्याने मात्र एका जागी हे काम ओळखले, आणि मला त्याचे फार अप्रूप वाटते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ साली झाला. त्यात शेती या शब्दाची व्याख्या करताना पिके घेणे, गवत, बागायत, गुरे चारणे यांच्या जोडीला राबखतासाठी जमिनीचा उपयोग करणे हेही घातले आहे, मग ती जमीन भातखाचराला जोडलेली असो वा नसो. वीस वर्षांपूर्वीच्या आयोगाला जे दिसले नव्हते ते कायद्याचा मसुदा करणाऱ्यांना दिसले: ज्या माळावर काही पिकत नाही, फक्त टहाळ तुटतो आणि पाला झाडला जातो, तिथेही शेती चालू असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. राबाने झाडे बोडकी झाली, सेंद्रिय पदार्थ जळून गेला, शेण जमिनीत जायचे ते धुरात गेले. मग अशा कामाचे कौतुक कशाला? झाडांबद्दलचा मुद्दा मी नाकारणार नाही. रान आक्रसत गेले आणि टहाळ तोडणारे तेवढेच राहिले, तेव्हा एकेका ऐनावर ताण वाढला. राब परत आणा असे माझे म्हणणे नाही. कृषी खात्याने गादीवाफ्याची शिफारस केली, रासायनिक खत आणि तणनाशक आले, आणि राब मागे पडणे ठीकच होते. पण ते आले म्हणून वैशाखातले काम नाहीसे झाले असे समजणे चूक होईल. ते पैशात बदलले. तणनाशकाची बाटली, खताची गोणी, इरल्याच्या जागी प्लास्टिकची खोळ, अंबाडीऐवजी नायलॉनचा दोर, नळ्यांऐवजी पत्रा: जे घरात होत होते ते दुकानातून येऊ लागले. त्यासाठी लागणारी रोकड कुठून आली? १९२० च्या दशकात अंबरनाथला विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना निघाला. युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या जागेवर १९४९ मध्ये उल्हासनगर वसले, त्यानंतर अंबरनाथची आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत आली. आसपासच्या गावांतून लोक पाळीला जाऊ लागले. कारखान्याच्या पगाराने आगोट विकत घेतली, असे मी म्हणेन. आणि ज्ञान म्हणावे तर ते पुसले गेले नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख घालायला सांगितली आहे. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात तर चिखलणीही नाही आणि लावणीही नाही. तिथे सगळा भर पाऊस येण्याआधी तयार करून ठेवलेल्या गादीवाफ्यांवर आहे. पद्धत बदलली तरी काम पावसाच्या अलीकडेच पडते.

हे अलीकडचे दिवस किती मोलाचे, ते पाऊस आधी येतो तेव्हा कळते. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेला आला. त्याआधीची सर्वांत लवकरची नोंद २९ मेची होती. त्यापूर्वीही मे महिन्यात अवकाळी सरी चालूच होत्या. कोकणात अनेक ठिकाणी पेरणीपूर्व कामे अर्धवट राहिली. वर्तमानपत्रांतून पाऊस लवकर आला याचा आनंदही दिसला, आणि धरणांच्या दृष्टीने तो खराच होता. पण ज्याचा राब रचलेला आहे आणि पेटवायचा बाकी आहे, त्याच्यासाठी वैशाखातली एक मोठी सर म्हणजे दोन महिन्यांच्या कष्टांवर पाणी. भिजलेले शेण धुमसते, भाजत नाही. भाजलेल्या राबावर सर आली तर राख वाहून बांधाबाहेर जाते. पेंढा भिजला तर गुरांची पावसाळ्यातली सोय गेली. भाजी-आंब्याचे नुकसान पंचनाम्यात मोजले जाते, न भाजलेला राब मोजायचा तक्ता नसतो.

पालेगावच्या शिवारात आता उंच इमारती उभ्या आहेत आणि अजून उभ्या राहत आहेत. चिखलोलीला नवे रेल्वे स्थानक होऊ घातले आहे, बदलापूरपर्यंत मोकळा माळ शोधावा लागतो. खाचरे भरावाखाली गेली त्याच्या आधी बहुधा माळ गेला; उताराची, खडकाळ, पीक न देणारी जमीन विकताना मन कमी अडते. तरीही या भागातल्या कोणत्याही गावाचा सातबारा उघडला, तर लागवडीयोग्य क्षेत्राच्या रकान्यात जिरायत, बागायत आणि ‘तरी’ म्हणजे भाताची जमीन यांच्या खाली वरकस हा शब्द छापलेला आहे. घर विकत घ्यायला आलेले नवे कुटुंब वकिलाला त्याचा अर्थ विचारते, आणि हलकी जमीन, पडीक जमीन, असे उत्तर मिळते. त्या रकान्यातले आकडे हेक्टर-आरमध्ये आहेत. बिनशेतीचा आदेश निघाला की तेही शून्य होतात. तोवर त्या कागदावर ऐनाचा टहाळ, पातेऱ्याचे भारे आणि ते सगळे डोक्यावर वाहणाऱ्या बायांचे चैत्र-वैशाख नोंदलेले आहेत.